पाटीवरचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आज चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. या मंडळात मी पुष्कळदा बोलले आहे, पण ते भिशीच्या हिशेबाबद्दल नाहीतर हळदीकुंकवाच्या वाणाबद्दल. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "मुलीच्या कॉलेजच्या नावाची हकीकत तुम्ही परवा सांगत होतात, तीच सांगा. खोलीच्या नावाचा वाद चालू आहे, त्याला उपयोगी पडेल." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि तिला मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात प्रवेश मिळत होता. आमच्या घरात कॉलेजात जाणारी ती पहिलीच मुलगी. पण पेढे वाटायच्या आधीच घरात अबोला सुरू झाला. सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली आणि म्हणाल्या, "दुसरे कॉलेज बघा. त्या नावाच्या जागी आपली पोर जायची नाही."

त्यांचा राग उगाच नव्हता, हे आधी सांगते. आमचे सासरचे घराणे मूळ गोव्याचे आणि कुळदैवत मंगेश. हा देव मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. पोर्तुगीज अंमलात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा १५६० साली भक्तांनी तो नदीपलीकडे प्रियोळला नेला. आज मंगेशीचे देऊळ आहे ते तिथे. केळशीची शांतादुर्गाही अशीच कवळ्याला गेली. ही हकीकत आमच्या घरात काल घडल्यासारखी सांगतात. सासूबाई म्हणत, "ज्यांच्यापायी आपल्या देवाला घर सोडावे लागले, त्यांच्या साधूच्या नावाच्या शाळेत नात शिकणार?"

यजमान आईपुढे बोलेनात. मुलगी रडत होती. प्रवेशाची मुदत दोन दिवसांवर आली होती. मला माझे दिवस आठवले. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला खाडीपलीकडच्या गावात जावे लागे. वडील म्हणाले, "पुरे झाले." आणि खरोखरच पुरे झाले. त्यांच्यावर माझा राग नाही, पण तो शब्द मी विसरलेले नाही. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी सासूबाईंना म्हटले, "आई, मी तिला घेऊन जाणार. तुम्ही रागवा, पण मला अडवू नका."

आम्ही दोघी पहाटेच्या गाडीने निघालो. मरीन लाइन्सला उतरून विचारत विचारत धोबीतलावापर्यंत चालत गेलो. ती दगडी इमारत, ते मोठे फाटक आणि वर ते नाव. मुलीने मला विचारले, "आई, हा झेवियर म्हणजे कोण गं?" मी म्हटले, "असेल कोणी साधू." यापलीकडे मला काही सांगता येईना. ज्या नावासाठी घरात दोन दिवस चूल धड पेटली नव्हती, ते नाव कोणाचे हे माझ्या रागावलेल्या सासूबाईंनाही नीट ठाऊक नव्हते आणि हट्ट धरणाऱ्या मलाही नव्हते. मला माझीच लाज वाटली. त्या दिवशी मी ठरवले की, हे नाव कोणाचे ते आपण माहीत करून घ्यायचे.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती बाई राहतात. पुष्कळ वर्षे त्या शिक्षिका होत्या. दुपारची कामे उरकली की मी त्यांच्याकडे जाऊन बसे. पुढे मुलगीही वाचनालयातून पुस्तके आणून वाचून दाखवू लागली. त्यातून जे कळले ते सांगते.

फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ चा, स्पेनच्या उत्तरेकडील नवार नावाच्या राज्यातला. त्या वेळी नवार स्वतंत्र होते. झेवियर हे मुळी माणसाचे नावच नव्हे. ते एका वाड्याचे नाव. तो वाडा कोणाचा? त्यांच्या आईचा. वडिलांचे आडनाव जासो. आई मारिया ही झेवियरच्या वाड्याची एकुलती वारस होती. मुलाने जगभर नेले ते नाव आईच्या माहेरचे! हे ऐकले तेव्हा मी हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. आपण लग्नात नाव बदलतो, आडनाव बदलतो, पाटावर तांदळात दुसरेच नाव लिहिले जाते. आणि इथे एका बाईच्या माहेरच्या घराचे नाव पाचशे वर्षांनी मुंबईच्या फाटकावर उभे आहे.

त्या नावाचा अर्थही ऐका. तिकडच्या बास्क भाषेत 'एचे बेरी' म्हणजे नवे घर. त्यावरून झेवियर झाले. स्पेनमध्ये त्याचा उच्चार हावियेर, पोर्तुगालमध्ये शाविएर, इटलीत साव्हेरिओ. मराठीत करायचे तर नवघर! ज्या नवघर-माणिकपुरातून आपण रोज वसई रोड स्टेशनला जातो, त्यातल्या नवघरासारखेच ते नाव. हे मी घरी सांगितले तेव्हा सासूबाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

त्या वाड्याची पुढे दैना झाली. नवार राज्य स्पेनच्या राजाने जिंकले. १५१५ साली फ्रान्सिसचे वडील वारले. थोरले भाऊ जुन्या राजाच्या बाजूने लढले, म्हणून १५१६ साली वाड्याचे बुरूज आणि तटबंदी पाडण्यात आली. तेव्हा हा मुलगा दहा वर्षांचा होता. विधवा आईने पडक्या वाड्यात राहून संसार रेटला आणि १५२५ साली धाकट्या मुलाला पॅरिसला शिकायला पाठवले. ती १५२९ साली वारली. मुलगा त्या वेळी पॅरिसलाच होता. तो वाडा पुढे पुन्हा बांधून काढला. आज दरवर्षी मार्च महिन्यात पाम्प्लोना शहरापासून पन्नासएक किलोमीटर चालत लोक तिथे जातात. आपल्या वारीसारखेच म्हणा ना.

पॅरिसमध्ये त्यांची इग्नेशियस लोयोलांशी गाठ पडली. १५३४ साली काही मित्रांनी मिळून व्रत घेतले. त्यातून पुढे जेझुइट संघ निघाला व त्याला पोपची मान्यता १५४० साली मिळाली. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्याला उतरले. ते इस्पितळात आणि तुरुंगात जात, रस्त्याने घंटा वाजवीत मुलांना गोळा करीत. मग ते तमिळ मुलखाच्या किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या कोळ्यांत राहिले. तिथून मलाक्का, मोलुक्का बेटे आणि १५४९ साली जपान. आपल्या वसईलाही ते येऊन गेले होते. चीनमध्ये जायचे म्हणून निघाले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर तापाने वारले. वय अवघे सेहेचाळीस. म्हणजे साधारण माझ्याच वयाचे. १५५४ साली त्यांचा देह गोव्याला आणला. १६२२ साली त्यांना संतपद मिळाले. त्याच दिवशी ते मिळालेल्यांत आविलाची तेरेसा ही एक बाईही होती.

आता सासूबाईंच्या रागाचे. शेजारच्या बाईंनी काही लपवले नाही, म्हणून मीही लपवीत नाही. १५४६ साली झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय, ज्याला इन्क्विझिशन म्हणतात, ते आणावे अशी मागणी केली होती. ते न्यायालय गोव्यात सुरू झाले १५६० साली, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आणि कायमचे बंद झाले १८१२ साली. त्याने लोकांचे पुष्कळ हाल केले, हिंदूंचे केले आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्यांचेही केले. मागणी करणारा माणूस आजाऱ्यांची सेवा करणाराही होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झाकली तर ते नाव आपल्याला कळलेच नाही, असे मला वाटते.

पुढच्या मे महिन्यात आम्ही कुळदेवाला गेलो. मंगेशीहून जुने गोवे जवळच. मुलगी म्हणाली, "आजी, बघून तर येऊ." आम्ही बॉम जेझसच्या चर्चला गेलो. हे चर्च १६०५ सालचे. आत संगमरवरी चौथरा आहे, तो इटलीतल्या तस्कनीच्या राजाने पाठवलेला, १६९८ साली बसवलेला. त्यावर चांदीची पेटी आहे, ती गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ साली घडवली. दर दहा वर्षांनी ती पेटी लोकांच्या दर्शनासाठी खाली आणतात. अलीकडे २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत ते दर्शन होते. गोव्याचे लोक त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात.

सासूबाई आत आल्या नाहीत. बाहेर सावलीत बसून राहिल्या. आम्ही परत आलो तेव्हा त्यांच्याजवळ एक कुंकू लावलेली, डोक्यात अबोलीची वेणी घातलेली बाई बसली होती. ती आत मेणबत्ती लावून आली होती. सासूबाईंनी तिला विचारले होते, "तू आपल्यातली ना? मग इथे कशी?" ती म्हणाली होती, "आजारी लेकासाठी बोलले होते. मंगेशालाही बोलले आहे." गाडीत सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझा राग त्या माणसावर आहे की त्या काळावर, ते मला आता सांगता येत नाही. पण पोरीला शिकू दे." त्या बदलल्या असे मी म्हणणार नाही. अजूनही त्या कॉलेजचे नाव घेत नाहीत, 'मुंबईचे कॉलेज' म्हणतात. पण सकाळच्या गाडीसाठी मुलीचा डबा त्याच भरतात.

भगिनींनो, ही झाली घरची गोष्ट. आता त्या नावाने जगात काय काय उभे राहिले ते थोडक्यात सांगते, कारण आपल्या वादाचा निकाल मला त्यात दिसतो.

मुंबईचे कॉलेज १८६९ साली जर्मनीहून आलेल्या जेझुइटांनी काढले. कलकत्त्याचे त्याआधीचे, १८६० चे. ज्या कोळ्यांत झेवियर राहिले त्या भागात पाळयंकोट्टईला १९२३ साली कॉलेज निघाले. रांचीला १९४४ साली, अहमदाबादला १९५५ साली. जमशेदपूरला १९४९ साली कामगार आणि मालक यांच्या संबंधांचा अभ्यास शिकवणारी संस्था निघाली. नेपाळात गोदावरीला १९५१ साली शाळा निघाली. यांतली एकही संस्था झेवियर यांनी काढलेली नाही. ते वारल्यावर तीनशे वर्षांनी आणि त्याहूनही नंतर माणसांनी काम उभे केले आणि नाव त्यांचे दिले. मुंबईच्या कॉलेजात फादर हेरास नावाच्या स्पॅनिश पाद्र्यांनी १९२६ साली आपल्या देशाच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली. तिथेच २००३ साली अंध विद्यार्थ्यांसाठी केंद्र निघाले. माझ्या मुलीच्या ओळखीची एक अंध मुलगी तिथल्या बोलणाऱ्या संगणकावर अभ्यास करते. आमची पोर घरी आल्यावर पहिल्यांदा कॉलेजचे नाही, त्या मुलीचे सांगत होती.

आता तीन गोष्टी परदेशातल्या.

इटलीत १८५० साली एक मुलगी जन्मली. तिचे आडनाव काब्रिनी. प्रकृती नाजूक म्हणून तिला मठात घेईनात. झेवियरसारखे चीनला जायचे म्हणून तिने आपल्या नावात त्यांचे नाव जोडून घेतले. पोपने सांगितले, पूर्वेला नको, पश्चिमेला जा. ती १८८९ साली न्यूयॉर्कला गेली आणि गरीब इटालियन मजुरांच्या मुलांसाठी तिने काम सुरू केले. शाळा, अनाथालये, इस्पितळे मिळून सदुसष्ट संस्था तिने काढल्या. १९१७ साली ती वारली आणि १९४६ साली तिला संतपद मिळाले. ज्या बाईला प्रकृतीमुळे नाही म्हटले, तिच्याच नावाने आज इस्पितळे ओळखली जातात.

दुसरी बाई अमेरिकेतली, कॅथरिन ड्रेक्सेल. सावकारी पेढीच्या मालकाची मुलगी. तिने आपला सारा वारसा काळ्या आणि मूळ रहिवासी मुलांच्या शाळांत घातला. न्यू ऑर्लिन्स शहरात काळ्या मुलांना गोऱ्यांच्या कॉलेजात पाऊल ठेवता येत नव्हते. तिथे तिने १९१५ साली शाळा काढली व १९२५ साली तिचे कॉलेज झाले. नाव दिले झेवियर. पैसा तिचा, पण नाव तिने आपले दिले नाही. त्या संस्थेतून शिकून कितीतरी काळी मुले-मुली डॉक्टर झाली.

तिसरी गोष्ट कॅनडातल्या अँटिगोनिश गावाची. तिथे १८५३ साली सुरू झालेले सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. तिथले फादर कोडी १९२८ पासून गावोगाव हिंडले. कर्जात बुडालेले कोळी आणि शेतकरी यांना त्यांनी लहान लहान गटांत, कोणाच्या स्वयंपाकघरात, कोणाच्या पडवीत बसवले. आधी वाचायचे, मग बोलायचे, मग थोडे थोडे पैसे एकत्र ठेवायचे. त्यातून सहकारी पतपेढ्या आणि दुकाने उभी राहिली. १९५९ साली तिथे कोडींच्या नावाने संस्था निघाली. बाहेरच्या देशांतली माणसे, आपल्याकडचीही, तिथे हे काम शिकायला जातात. आपला बचत गट म्हणजे वेगळे काय आहे? सातवी शिकलेल्या बाईने वहीत लिहिलेला हिशेब ही लहान गोष्ट नव्हे, हे मला त्या दिवशी कळले.

आता आपल्या खोलीचे. मंडळाला एवढ्या वर्षांनी स्वतःची खोली मिळाली आहे. वाचनाची आणि शिवणाची. तिला नाव काय द्यायचे यावर गेल्या तीन बैठका गेल्या. कोणी म्हणते देवाचे द्या, कोणी म्हणते पुढाऱ्याचे. ज्यांनी देणगी दिली त्या भाऊंची इच्छा आहे की, त्यांच्या वडिलांचे नाव द्यावे. भाऊ आज इथे बसले आहेत. मी लहान तोंडी मोठा घास घेते, त्यांनी रागावू नये.

भाऊ, खोलीचा कागद झाला त्या दिवशी चहा घेताना तुम्हीच आम्हाला सांगितलेत की, तुमच्या शिक्षणाच्या वेळी आईने हातातल्या पाटल्या मोडल्या आणि पुढे मरेपर्यंत ती काचेच्या बांगड्यांवर राहिली. ते सांगताना तुमचा आवाज जड झाला होता. आम्हा सगळ्यांना ते आठवते आहे. वडिलांचे नाव मोठे आहे, ते तुमच्या नावामागे जन्मभर लागलेलेच आहे. ही खोली बायकांची आहे. तिला आईचे नाव द्या. आणि तेही तिचे स्वतःचे नाव पहिले. नुसते 'मातोश्री' लिहून ठेवू नका. त्या मारियाचा वाडा पडला, पण तिच्या घराचे नाव राहिले. तुमच्या आईच्या पाटल्या गेल्या, पण नाव राहू द्या.

माझी दुसरी विनंती मंडळाला आहे. नाव कोणाचेही ठरो, त्याखाली चार ओळी लिहा. ही कोण, कुठली, तिने काय केले, तिला काय करता आले नाही. खरे असेल ते लिहा, फुगवून लिहू नका. उद्या एखादी आई आपल्या मुलीचा हात धरून या दारात उभी राहील आणि मुलगी विचारील, "आई, हे नाव कोणाचे गं?" तेव्हा त्या आईला माझ्यासारखे खाली बघावे लागू नये.

आणि शेवटचे एक. नाव दिल्याने खोली मोठी होत नाही. झेवियर यांच्या नावाच्या जागा मोठ्या झाल्या त्या तिथे पिढ्यान्‌पिढ्या कोणी तरी रोज दार उघडले म्हणून. आपल्या खोलीची किल्ली सध्या चिटणीसबाईंच्या घरी खुंटीला असते आणि आठवड्यातून एकदाच खाली येते. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी तीन ते पाच दार उघडायचे काम मी माझ्याकडे घेते. ज्यांची शाळा माझ्यासारखी मध्येच सुटली आहे त्यांनी यावे. माझी मुलगी सुट्टीच्या दिवशी येऊन शिकवीन म्हणाली आहे. आठवीचे पुस्तक मी आणून ठेवले आहे. पहिले नाव माझे लिहा.

नावाचा ठराव पुढच्या बैठकीत यायचा आहे. सगळ्यांनी विचार करून यावे, एवढे सांगून मी आपली रजा घेते.